४७१८ नंबरचं दार

१

दीपमाला दोषी ठरली तर कुणाचं किती भलं होणार, याचा हिशेब संयोगितानं सातारा-सांगली एसटीत, कराड यायच्या आतच मांडून टाकला होता. कंपनीचे मालक वीरधवल यांचा टँकरचा ठेकेदार टिकणार होता. एका मुलीला घरी बसवलं की ठेकेदारापुढं जायला तोंड राहतं. अमृत, तिथला सगळ्यात जुना प्रोग्रॅमर, साताऱ्याला उघडणाऱ्या नव्या ऑफिसचा साहेब होणार होता, त्यामुळे त्याच्या कामावर डाग नको होता. साईराज, सगळ्यात नवा, त्याला दीपमालाची खिडकीजवळची खुर्ची मिळणार होती, आणि सांगलीच्या एप्रिलात खिडकी म्हणजे काही लहान गोष्ट नव्हे. राहता राहिली संयोगिता स्वतः. बाहेरून चौकशीला बोलावलेल्या बाईचं भलं मालकाला हवं तेच सापडण्यात असतं. स्वतःचं नाव हिशेबातून वगळायची तिला सवय नव्हती.

तोट्याच्या बाजूला दोन नावं होती. एक दीपमालाचं. दुसरं मनुबाई खरात यांचं, पण त्या कुठल्याच हिशेबात यायच्या राहिल्या नव्हत्या.

झालं होतं ते असं. निशाण सॉफ्टवेअर ही वीरधवल यांची कंपनी हळदीच्या एका गोदामाच्या माडीवर चालायची; तिथले कीबोर्डसुद्धा पिवळसर दिसायचे. जत तालुक्यात उद्या कुठला टँकर कुठल्या वस्तीवर जायचा, हे तिथला प्रोग्रॅम ठरवायचा. ड्रायव्हर मोबाइल सांगेल तिकडं गाडी वळवायचा, न सांगेल तिकडं बघायचाही नाही. मार्चअखेरीला प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली आणि त्यातून खरात वस्तीची खेप गायब झाली. वस्तीनं वाट पाहिली. आज आला नाही म्हणजे उद्या येईल, अशी माणसाची समजूत असते. मग मनुबाई घागर घेऊन पडक्या विहिरीत उतरल्या. तिच्या पायऱ्या कधीच्याच ढासळल्या होत्या. घागर वर तरंगली, मनुबाई तरंगायला दुसरा दिवस उजाडला.

नवी आवृत्ती बाहेर सोडण्याआधी तपासून "ठीक" म्हणून सही करणारी दीपमाला ही त्याच वस्तीची पोर, मनुबाईच्या दिराची मुलगी. टँकरचा कॉम्प्युटर आपली दीपा बघते, हे वस्तीला अभिमानानं माहीत होतं. आता तेच दुसऱ्या अर्थानं माहीत झालं. चुलतीच्या दहाव्याला ती गेली, तर तिला बांधावरूनच परत लावलं. पोरीनं पाणी तोडलं, एवढंच तिथं बोललं जात होतं, आणि हे पुसलं गेलं नाही तर तिला त्या बांधाच्या आत पाय ठेवता येणार नव्हता.

वीरधवल यांनी चहा मागवला आणि फार मायेनं सांगितलं, "ताई, चूक कुणाची ते ठरलेलंच आहे. तुम्ही फक्त ती कागदावर नीट मांडा."

तोवर संयोगिताला हे काम रटाळ वाटत होतं. त्या वाक्यानंतर वाटेनासं झालं.

२

दीपमाला रडली नाही, याची ऑफिसात तक्रार होती. संयोगिता समोर बसली तेव्हा तिनं स्वतःच खुर्ची ओढून दिली आणि विचारायच्या आधी सांगायला लागली. सर्व्हर म्हणजे हाकेला ओ देणारा प्रोग्रॅम. चाचणी म्हणजे आधी तो सर्व्हर उठवायचा, मग त्याला प्रश्न विचारायचा आणि उत्तर बरोबर आलं की हिरवी खूण, चुकलं की लाल. सर्व्हर उठवायचा भाग अमृतनं लिहिला होता, प्रश्न तिनं.

"मुद्दाम आमच्याच वस्तीचं नाव घातलंवतं," ती म्हणाली. "खरात वस्तीची उद्याची खेप हाय का? चुकलं तर मला आधी कळावं म्हणून."

"आणि सर्व्हर काय म्हणाला?"

"हाय म्हणाला."

संयोगितानं तिला सगळ्या चाचण्या पुन्हा चालवायला लावल्या. दीपमालानं एक बटण दाबलं आणि पडदा वरपासून खालपर्यंत हिरवा झाला. नवी आवृत्ती तीच, प्रश्न तोच, आणि मेलेल्या बाईच्या वस्तीला अजूनही पाणी जातंय असं यंत्र छातीठोकपणे सांगत होतं.

पूर्वी चाचण्या एकीमागून एक चालायच्या, त्यात अख्खी जेवणाची सुट्टी जायची. मग अमृतनं सगळ्या एकदम चालवायची सोय केली. वेळ वाचला, वीरधवल खूश झाले, अमृतचं सगळ्यांसमोर कौतुक झालं. नव्या आवृत्तीच्या वेळी दीपमालानं एकदा विचारलं होतं की, एकेक करून चालवू का. अमृतनं हसून विचारलं होतं की, तुला मेंढरंसुद्धा एकेक करून हाकायची सवय होती काय.

"ही एकटीच चालव," संयोगिता म्हणाली.

दीपमालानं बाकीच्या चाचण्या बाजूला केल्या आणि खरात वस्तीची तेवढी चालवली.

लाल. खेप नाही.

तिचा हात कीबोर्डवरून मांडीवर आला. बराच वेळ ती त्या लाल ओळीकडं बघत राहिली.

"म्हणजे एकदम चालवल्या तवा ह्यानं मला हाय म्हटलंच न्हाई," ती म्हणाली. "दुसरंच कुणीतरी बोललं."

३

सर्व्हर हवेत बसत नाही. प्रत्येक यंत्राला नंबर टाकलेली हजारो दारं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. सर्व्हर त्यातलं एक दार धरून बसतो. एका दारामागं एकच बसू शकतो. दुसरा तिथंच आला तर त्याला हाकलून देतात आणि तो मुकाट्यानं मरून जातो. चाचणीला हे काही कळत नाही. ती ठरलेल्या दारावर थाप मारते, आतून ओ आली की खूश. ओ कुणी दिली, हे विचारायची पद्धत तिथं कुणी पाडलीच नव्हती.

खरात वस्तीच्या चाचणीतलं दार होतं ४७१८.

दारांची वाटणी कशी होते, असं संयोगितानं विचारलं तेव्हा साईराज लाजला. हा मिरजेकडचा पोरगा, ड्रायव्हरच्या मोबाइलवरचं ॲप सांभाळायचा. ऑफिसात कुणालाही दुसऱ्याचा आकडा लक्षात ठेवायला नको म्हणून वीरधवल यांनीच पहिल्या वर्षी नियम केला होता: ज्यानं त्यानं आपल्या गाडीचा नंबर घ्यायचा. एका ऑफिसात एका नंबरच्या दोन गाड्या कशा असतील? नवी गाडी घेतली की पेढे वाटायचे आणि पोर्ट बदलायचा, दोन्ही एकाच दिवशी.

"तुझा कुठला?"

"चार-सात-एक-आठ," साईराज म्हणाला.

संयोगिता उठून खिडकीशी गेली. खाली हळदीच्या पोत्यांशेजारी चार गाड्या उभ्या होत्या. तीन सांगलीच्या, एमएच दहा. चौथी जुनी, काळी मोटारसायकल, एमएच अकरा. साताऱ्याची. शेवटचे आकडे ४७१८.

"मिरजेच्या माणसाकडं साताऱ्याची गाडी कशी रं?"

"अमृतसरांची हाय की. म्हणजे व्हती. दिवाळीत मी घेतली." तो आणखी लाजला. "नावावर करायची राहिलीया. कागदावर अजून त्यांचीच हाय."

गाडी घेतली, पेढे वाटले, पोर्ट बदलला. साईराजनं नियम अगदी मनापासून पाळला होता. आपल्या ॲपच्या चाचणीसाठी तो जुना, आधीच्या आवृत्तीचा, चांगला चालणारा सर्व्हर उठवायचा आणि तो ४७१८च्या दारामागं बसवायचा. अमृतचा नवा, सदोष सर्व्हर त्याच दारावर यायचा, आत माणूस बघून मरायचा. मग दीपमालाचा प्रश्न थाप मारायचा आणि आतून जुना सर्व्हर खरं तेच सांगायचा: हाय, खरात वस्तीची खेप हाय.

नंबर विकलेल्या माणसानं नंबर सोडला नव्हता, एवढाच घोटाळा. साधी चूक. संयोगिताला ती इतकी साधी वाटली की तिचा तिच्यावर विश्वास बसेना.

४

अमृत कोरेगावकडचा, पाटाच्या पाण्यावर वाढलेला, गुळगुळीत दाढीचा. त्यानं संयोगिताला आमच्या साताऱ्याच्या ताई म्हणून खुर्ची दिली आणि स्वतःच्या कपातून चहा प्यायला. कपावर मोठ्या आकड्यांत ९००९ छापलं होतं. त्याच्या नव्या मोटारीचा नंबर, मुद्दाम मागून घेतलेला. त्यानं फोनचा नवा नंबर घेतला तोही ९००९नं संपणारा. ऑफिसचं वायफाय त्याच्याकडं होतं, त्याचं नावही तेच. चावीच्या साखळीला पितळी ९००९ लोंबत होता. हे सगळं त्यानं न विचारता दाखवलं.

दोन सर्व्हरची टक्कर त्यानं लगेच कबूल केली. उलट कपाळावर हात मारून घेतला. गाडी विकली, पोर्ट बदलायचा राहून गेला, दोन गाड्या एका बोळात घुसल्या, होतं असं. पण म्हणून का सही करणाऱ्यानं डोळे मिटून करायची, असंही त्यानं हळूच जोडलं. दीपमाला चांगली मुलगी, पण त्यांच्याकडं शिक्षणाची पहिलीच पिढी ना.

मनुबाईचा विषय त्यानं काढला नाही. संयोगितानं काढल्यावर तो वाईट वाटल्यासारखा थांबला आणि साताऱ्याला ऑफिस कुठल्या बाजूला चांगलं पडेल, ते विचारू लागला.

उठता उठता तिनं त्याच्या चाचणीतल्या एका ओळीबद्दल विचारलं. सुरुवातीलाच "थोडं थांब" असा हुकूम होता, तो कशाला?

"सर्व्हर उठायला वेळ लागतो ताई," तो म्हणाला. "घाईघाईत थाप मारली तर उघडायच्या आधीच मारल्यासारखं होतं. सगळेच घालतात."

ते खरं होतं. सगळेच घालतात. संयोगिताला पटलं; ती खाली उतरली आणि समोरच्या रसवंतीच्या बाकड्यावर बसली. मालक नुकताच आला होता. त्यानं शटर वर सरकवलं, घुंगरं लावलेलं चाक एकदा फिरवून पाहिलं आणि मग गिऱ्हाइकाची वाट बघत बसला.

ती त्या शटरकडं बघत राहिली. रसाचा ग्लास आला, तो तसाच ठेवून ती पुन्हा माडी चढली.

५

वीरधवल यांच्या केबिनमध्ये चौघांना बसायला जागा होती. साईराज उभा राहिला.

संयोगितानं आधी दाराची गोष्ट सांगितली, वीरधवल यांना कळेल अशी. मग अमृतकडं न बघता म्हणाली की, विसरलेल्या आकड्याबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं. पण ज्या माणसानं नवा नंबर कपावर, फोनवर, वायफायवर आणि चावीवर घातला, तो माणूस तो नंबर घालायचा नियमच असलेल्या एकाच जागी विसरतो, हे तिच्या गळी उतरत नव्हतं.

"विसरलो तर विसरलो," अमृत म्हणाला. "त्याला काय पुरावा?"

"पुरावा तुम्हीच लिहून ठेवलाय. थोडं थांब."

ती साईराजकडं वळली आणि त्यानं त्याच्या चाचणीत थांबा कुठं घातलाय ते विचारलं. सर्व्हर उठवल्यावर, थाप मारायच्या आधी, असं तो म्हणाला.

"बरोबर. माणूस शटर वर करतो आणि मग गिऱ्हाइकाची वाट बघतो. यांनी थांबा घातलाय सर्व्हर उठवायच्या आधी. शटरला हात लावायच्या आधीच वाट बघत उभे. कुणाची? दुसरा आत जाऊन बसेपर्यंत. हा थांबा काढून पाहिला मी. मग कधी हे आधी पोचतात, कधी साईराज, आणि खूण कधी लाल, कधी हिरवी येते. थांबा घातला की दर वेळी हिरवी."



 अमृत मग जे बोलला ते ओशाळून नव्हे, वैतागून. सुरुवातीला नंबर खरंच राहिला होता. मग एकट्यानं चालवली की लाल आणि सगळ्यांबरोबर कधी कधी हिरवी, हे ध्यानात आलं. नवा प्रोग्रॅम मूळ गावाला टँकर गेला की खरात वस्तीलाही गेला असं धरत होता. ते दुरुस्त करायला आठवडाभर लागला असता आणि साताऱ्याचं नक्की व्हायला दोनच दिवस होते. म्हणून थांबा घातला आणि हिरवी जाऊ दिली. सही दुसऱ्याची होती.

"एका वस्तीचा तर प्रश्न होता," तो म्हणाला. "आठ दिवसांत नीट करणारच होतो. आमच्याकडं पाटाला पाणी आलं न्हाई तर लोक विहिरीवर जात्यात."

"गेली की," दीपमाला म्हणाली. "विहिरीवरच गेली."

वीरधवल यांनी तिला आणि साईराजला बाहेर पाठवलं. थोड्या वेळानं अमृतलाही. दार लावून ते परत बसले तेव्हा त्यांचा चेहरा ऊस तोलून घेणाऱ्या माणसासारखा झाला होता.

अमृत उद्यापासून नाही, हे त्यांनी आधी सांगून टाकलं. पण मुद्दाम केलं असं कागदावर आलं तर ठेकेदार जाणार, पोलीस येणार, आणि हळदीच्या गोदामावरची माडी रिकामी होणार. टक्कर झाली हे तर खरंच आहे, तेवढंच लिहावं. पोर्टांची टक्कर. दीपमालावरही ठपका नको, तिनं वाटल्यास राहावं.

"आणि साताऱ्याला आता माणूस लागणारच की, ताई. तुम्ही तिथल्याच."

संयोगिताला एसटीतला हिशेब आठवला. स्वतःच्या नावापुढची नेमक्या फायद्याची जागा तिनं तेव्हा मोकळी सोडली होती. पण मघाशी रसवंतीवरून माडी चढून आल्यावर ती दीपमालाला एक शब्द देऊन बसली होती: तुझ्या वस्तीवर मी स्वतः येईन आणि काय झालं ते सांगेन.

६

जतच्या पुढं रस्ता संपला तिथून त्या चालत गेल्या. दीपमाला बांधावर थांबली, आत गेली नाही. संयोगिता शेजारी उभी राहिली. चौकशीचा कागद तिच्या पिशवीत होता. त्यात सगळं खरं लिहिलं होतं: एका पोर्टवर दोन सर्व्हर आले, त्यामुळे सदोष आवृत्ती तपासणीतून सुटली. यापुढं कुणी ठरावीक नंबर घेऊ नये. शून्य मागावा, म्हणजे त्या घटकेला मोकळं असेल ते दार यंत्रच देतं, आणि थाप मारल्यावर आत कोण आहे त्याचं नाव आधी विचारावं. माणसाचं नाव त्यात एकही नव्हतं.

आकाराम, मनुबाईचा नवरा, मेंढरांच्या वाड्याकडून आला. मागं सात-आठ माणसं उभी राहिली, त्यात दीपमालाची आईही होती, सगळ्यांच्या मागं. दीपमालानं तिला अव्वा म्हणून हाक मारली. आईनं आकारामकडं पाहिलं आणि जागची हलली नाही.

संयोगितानं कागद वाचला. आकारामनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"टक्कर म्हंता," तो म्हणाला. "मग हाणणारा कोण?"

"यंत्रात होतं तसं," संयोगिता म्हणाली.

दीपमालानं तिच्याकडं पाहिलं. तो चेहरा संयोगितानं एकदा आधी पाहिला होता, लाल ओळीपुढं.

"आवं बाई, मी अडाणी माणूस," आकाराम म्हणाला. "गाडी आपसूक चालती का? कुणी मुद्दाम केलं असंल तर नाव सांगा. न्हाई तर न्हाई म्हणा."

वाऱ्यानं कागद फडफडला. साताऱ्याला ऑफिस पोवई नाक्याच्या बाजूला चांगलं पडलं असतं.

"नाही," संयोगिता म्हणाली.

"मग बटण कुणी दाबलं?"

 तेव्हा दीपमालाच बोलली.

"अमृत म्हणून हाय एक. त्यानं केलं, काका. मुद्दाम. ह्या बाईंनीच शोधून काढलं."

आकारामनं संयोगिताकडं पाहिलं. ती कागदाची घडी घालत होती. घडी नीट बसली नाही म्हणून तिनं ती उलगडून पुन्हा घातली.

"बाई तर न्हाई म्हंतीया," आकाराम म्हणाला. "बटण तूच दाबलंस न्हवं?"

"व्हय."

तो वळून वाड्याकडं गेला आणि त्याच्या मागं बाकीचेही.

हे सगळं त्या उन्हाळ्यातच निस्तरलं. अमृतला सातारा मिळाला नाही, पुण्यात त्याहून मोठी जागा मिळाली. जाताना तो काळी मोटारसायकल घेऊन गेला, कारण कागदावर ती त्याचीच होती. साईराज आता एसटीनं येतो आणि खिडकीजवळ बसतो. दीपमालानं नोकरी सोडली; ती कुठं असते ते सांगलीत कुणाला माहीत नाही, वस्तीत कुणी विचारत नाही. वीरधवल यांचा ठेकेदार टिकला. संयोगिता साताऱ्याच्या ऑफिसात साहेब आहे आणि तिच्या हाताखाली सगळे सर्व्हर शून्य मागतात. त्यानंतर एकदाही टक्कर झाली नाही.

खरात वस्तीला टँकर रोज जातो. दीपमालाच्या आईची घागर सगळ्यांत शेवटी लागते, असं वस्तीनं ठरवलंय, आणि तळाशी काही उरलं तर तिला मिळतं, नाही तर नाही. प्रोग्रॅममध्ये तेवढं दिसत नाही. तिथं त्या खेपेपुढं हिरवी खूण येते.